अशक्त पेटी वाचवण्याच्या नादात जोरदार पेटी हातची जाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या शेतीच्या पानावर मधमाश्यांबद्दल अधूनमधून छापून येतं, आम्ही मधपाळ मंडळी ते आवर्जून वाचतो आणि एकमेकांना पाठवतोही. पण दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे वसंतातला सल्ला नेहमी फुलोरा डोक्यावर आल्यावर छापला जातो. दुसरी म्हणजे सल्ला ठरलेला असतो, कमजोर पेटीला साखरेचा पाक द्या, जोरदार पेटीतल्या पिल्लांच्या दोन फ्रेम (पोळं बांधलेल्या लाकडी चौकटी) काढून कमजोर पेटीत घाला आणि सगळ्या पेट्या सारख्या करून घ्या. वाचायला छान वाटतं, गरीब-श्रीमंत दरी मिटवल्यासारखं, पण पेटीत असं चालत नाही.

आधी वेळेचा हिशोब. राणीने अंडं घातल्यापासून कामकरी माशी बाहेर यायला २१ दिवस लागतात. त्यातले ३ दिवस अंडं, मग साधारण ६ दिवस अळी आणि नंतर झाकणाआड कोष. बाहेर आलेली माशी लगेच फुलावर जात नाही, आधी पोळ्यातली घरं साफ करणं, अळ्यांना भरवणं, मेण काढणं, आलेला मकरंद घेऊन साठवणं, दारावर पहारा अशी घरातली कामं करत आणखी जवळपास तीन आठवडे जातात. म्हणजे अंड्यापासून मकरंद आणणाऱ्या माशीपर्यंत सहा आठवडे झाले. हे आकडे मेलिफेराचे, म्हणजे परदेशातून आणलेल्या पाळीव माशीचे आहेत, आपल्याकडच्या देशी सातेरीच्या माश्या एखाद-दोन दिवस आधी बाहेर येतात आणि वसाहतही लहान असते पण हिशोब तोच. आता मुख्य फुलोरा सुरू झाला म्हणून तुम्ही पाक द्यायला लागलात तर त्या पाकावर वाढलेल्या माश्या कामाला लागेपर्यंत बहुतेक ठिकाणी फुलं संपलेली असतात, आणि मग तीच मोठी फौज साठवलेला मध बसून खाते. म्हणून वाढवायचं काम फुलोऱ्याच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरू व्हायला हवं. कॅलेंडरचा महिना बघून उपयोग नाही, मागच्या पायांवर परागाचे गोळे घेऊन माश्या दारात उतरायला लागल्या की राणीने अंडी वाढवलीच म्हणून समजा.

आता सारख्या पेट्यांचं. सी. एल. फॅरार म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्यातले संशोधक होते, त्यांनी १९३७ साली वसाहतीतल्या माश्यांची संख्या आणि मध यांचा संबंध मांडला. ६० हजार माश्यांची एक वसाहत ही १५-१५ हजारांच्या चार वसाहतींपेक्षा जास्त मध देते, साधारण दीडपट. माश्या तेवढ्याच, तरी असं का, तर लहान वसाहतीत निम्म्याहून जास्त मनुष्यबळ, म्हणजे माशीबळ म्हणा, पिल्लं उबवण्यात आणि भरवण्यात अडकून पडतं, बाहेर पाठवायला कुणी उरतच नाही. वसाहत मोठी होत जाते तसं दर हजार माश्यांमागे पिल्लांचं प्रमाण कमी होतं आणि बाहेर जाणाऱ्यांचं वाढतं. म्हणजे फुलोऱ्याच्या तोंडावर एका भरलेल्या पेटीतून चार फ्रेम काढून दोन रडतखडत चालणाऱ्या पेट्यांना वाटल्या तर हातात तीन मध्यम पेट्या येतात आणि तिन्हीतून मध बेताचाच. मध हवा असेल तर हा सौदा तोट्याचा आहे, सरळ सांगायचं तर.

पण म्हणून कमजोर पेटी टाकून द्यायची का? नाही. आधी ती कमजोर का आहे हे बघायचं, आणि इथेच सगळे घाई करतात. पेटी उघडली, माश्या कमी दिसल्या, घाल फ्रेम, असं होतं. त्याऐवजी मधली एक फ्रेम उचला, सूर्य पाठीमागून खांद्यावरून घरांच्या तळाशी पडेल अशी धरा आणि बघा. प्रत्येक घरात तळाशी मधोमध एकच अंडं असेल आणि बंद पिल्लांचा (झाकणाआडच्या कोषांचा) तुकडा सलग असेल, मध्ये फार भोकं नसतील, तर राणी चांगली आहे, फक्त माश्या कमी पडल्यात. अशी पेटी मदतीला लायक. एकेका घरात तीन-चार अंडी, त्यातली काही भिंतीला चिकटलेली, असं दिसलं तर राणी नाहीये आणि कामकरी माश्याच अंडी घालतायत (नव्याने फळलेली, म्हणजे नुकतंच मीलन झालेली राणीसुद्धा सुरुवातीला कधी एका घरात दोन अंडी घालते, पण ती तळाशी असतात, तिला उगाच बदनाम करू नका). कामकऱ्यांच्या घरांवर सपाट झाकणाऐवजी बंदुकीच्या गोळीसारखी फुगीर झाकणं दिसली तर नर तयार होतायत, म्हणजे राणीचं नरांशी मीलन नीट झालं नाही किंवा तिच्याकडचा शुक्राणूंचा साठा संपलाय. या पेट्यांमध्ये कितीही पाक ओता, कितीही फ्रेम घाला, सहा आठवड्यांनी परत तिथेच. राणी बदलल्याशिवाय काहीही होणार नाही. आणि कामकरी माश्या अंडी घालायला लागलेल्या पेटीत नवी राणी नुसती सोडली तर बहुतेक वेळा त्या तिला मारून टाकतात, त्यामुळे अशी पेटी सरळ बंद करून माश्या इतरांच्यात मिसळलेल्या बऱ्या.

तिसरा प्रकार रोगाचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण तुमच्या पानावर फ्रेमची अदलाबदल सांगताना याबद्दल एक ओळही नव्हती. बंद पिल्लांची झाकणं आत दबलेली, काळपट, ओलसर, त्यांना बारीक भोकं आणि वास कुजका, असं दिसलं तर काडेपेटीतली काडी आत घालून हळूच बाहेर ओढा. तपकिरी चिकट तार दोन-तीन सेंटिमीटर लांब ओढली गेली तर अमेरिकन फाउलब्रूड, म्हणजे पिल्लं सडवणारा जिवाणूचा रोग, असण्याची दाट शंका, मग त्या पेटीतलं काहीही दुसरीकडे न्यायचं नाही आणि दुसरीकडचंही तिथे आणायचं नाही. या जिवाणूचे बीजाणू फ्रेममध्ये, मेणात, मधात कित्येक दशकं टिकतात. म्हणून ओळखीपाळखीतून आलेला किंवा कुठूनतरी मिळालेला मध माश्यांना खायला घालायचा नाही, साखर बरी. अळ्या झाकण बसण्याआधीच पिवळट होऊन वेड्यावाकड्या पडलेल्या दिसल्या तर तो युरोपियन फाउलब्रूड असू शकतो, खडूसारख्या कडक पांढऱ्या ममी दारात पडल्या असतील तर चॉकब्रूड, हा पिल्लांचा बुरशीचा रोग. पेटीच्या तोंडावर विष्ठेचे डाग आणि जमिनीवर सरपटणाऱ्या माश्या दिसल्या तर नोसेमाचा, म्हणजे माश्यांच्या पोटाच्या रोगाचा संशय घ्यायचा, पण खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते, नुसत्या डागांवरून नाही. माश्यांवर आणि पिल्लांवर जगणारा बारीक व्हरोआ कोळी मोजायला अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण ३००, पिठीसाखरेत घोळवून जाळीतून हलवायच्या आणि खाली पडलेले कोळी मोजायचे (राणी कपात आली नाही ना हे आधी बघा!). शंभर माश्यांमागे दोन-तीन निघाले तर उपचाराचं बघायला लागा. वसंतात पिल्लं वाढतात आणि कोळी बंद पिल्लांतच वाढतो, त्यामुळे आज थोडे आहेत म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

थोडक्यात काय तर जोरदार पेटीतली फ्रेम ज्या पेटीत जाणार ती निरोगी हवी, आणि जिथून काढली तीही. भरलेली पेटी म्हणजे निरोगीच असं काही नाही.

आता मदत द्यायचीच असं ठरलं तर कशी. कमजोर पेटीची खरी मर्यादा जेवण नसते, ऊब असते. पिल्लांच्या भागात ३४-३५ अंश तापमान लागतं आणि माश्या अंगाने फ्रेम झाकून ते राखतात. जितक्या फ्रेम झाकता येतात तितकीच पिल्लं वाढू शकतात, राणीची क्षमता रोज दीड हजार अंड्यांची असली तरी. म्हणून कमजोर पेटीत रिकाम्या फ्रेम वाढवणं किंवा वर मजला चढवणं म्हणजे थंडीत कुडकुडणाऱ्याला मोठी खोली देण्यासारखं. उलट करायचं, माश्या झाकतील तेवढ्याच फ्रेम ठेवायच्या, बाजूला आडवी फळी घालून जागा आवळायची, दार एक-दोन माश्यांपुरतं करायचं. पाक द्यायचा तर वजनाने साखर आणि पाणी सारखं, थोडा थोडा, पेटीच्या आत आणि संध्याकाळी. उघड्यावर ताटलीत पाक ठेवला की शेजारच्या जोरदार पेट्या आधी ती ताटली संपवतात आणि मग वासाने या पेटीवर तुटून पडतात, लूटमार एकदा सुरू झाली की कमजोर पेटी एका दुपारीत रिकामी होते. आणि पराग नसेल तर नुसत्या पाकाचा उपयोग अर्धाच, अळ्यांसाठी दाई माश्या जो चीक तयार करतात त्याला प्रथिनं परागातूनच मिळतात.

पिल्लांची फ्रेम द्यायची तर बंद पिल्लांची, आणि त्यातही आता बाहेर पडायला आलेली. कशी ओळखायची, तर फ्रेमवर काही घरांची झाकणं कुरतडलेली दिसतात, आतून मिशा हलताना दिसतात, कुठे राखाडी केसाळ कोवळी माशी अर्धी बाहेर आलेली असते. अशा माश्यांना भरवावं लागत नाही, उबेची गरजही थोडेच दिवस. उघड्या अळ्यांची फ्रेम कमजोर पेटीत दिली तर ती भरवायची कुणी, उबवायची कुणी, रात्री गारठा पडला की माश्या आवळून मध्ये बसतात आणि कडेच्या अळ्या मरतात, म्हणजे दोन्ही पेट्यांचं नुकसान. खोल लँगस्ट्रॉथ (मेलिफेराच्या नेहमीच्या पेटीतल्या) फ्रेमला दोन्ही बाजू धरून साडेसहा-सात हजार घरं असतात, निम्म्याहून थोडी जास्त भरली असली तरी चारेक हजार माश्या होतात आणि त्या दोन फ्रेम सहज झाकतात. म्हणून एका वेळी एकच द्यायची, पिल्लांना लागूनच ठेवायची, आठवड्याने बघायचं, त्या माश्या पसरल्या की दुसरीचा विचार. काढताना राणी त्या फ्रेमवर नाही हे दोनदा बघायचं आणि माश्या झटकून जुन्या पेटीतच टाकायच्या.

नुसत्या माश्या द्यायच्या असतील तर पिल्लांच्या फ्रेमवरच्या माश्या कमजोर पेटीच्या दारासमोर फळीवर झटकायच्या, दुपारी, ऊन असताना. जुन्या उडून आपल्या घरी जातात, कोवळ्या दाई माश्या चालत आत शिरतात आणि दारावर त्यांना फारसं कुणी अडवत नाही. काहीजण जोरदार आणि कमजोर पेटीच्या जागा बदलतात, बाहेर गेलेल्या माश्या परतताना जुन्या जागेवर म्हणजे कमजोर पेटीत येतात. चालतं, पण बाहेर मकरंद भरपूर असतानाच, पोटभर घेऊन येणारीला कुणी चोर समजत नाही. दुष्काळात हा प्रयोग केला तर मारामारी होते आणि कमजोर पेटीची राणीच जाते. आणखी एक जुनी पद्धत आहे अलेक्झांडर पद्धत नावाची, लहान वसाहत राणीसकट जोरदार पेटीच्या वर ठेवायची, मध्ये राणीजाळी, जिच्यातून कामकरी माश्या जातात पण राणी जात नाही. खालून ऊब मिळते, दाई माश्या वर जातात, काही आठवड्यांनी वरची वसाहत भरली की वेगळी करायची. माश्यांवर धूर सोडायचं धुरांडं हाताशी ठेवून शांतपणे करायचं काम आहे, घाईचं नाही.

आणि हे सगळं करूनही मूठभर माश्या आणि म्हातारी राणी असेल तर मिसळून टाका, त्यात कमीपणा काही नाही. त्यासाठी तुमच्या पेपरचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही! कमी प्रतीची राणी काढायची, जोरदार पेटीवर वर्तमानपत्राचं एक पान पसरायचं, खिळ्याने दोन-चार बारीक चिरा पाडायच्या आणि वर कमजोर पेटीचा मजला ठेवायचा. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडचा वास एक होतो आणि भांडण होत नाही. एक-दोन दिवसांत दारासमोर कागदाचा चुरा पडलेला दिसतो, अग्रलेख असो की जाहिराती, सगळं सारखंच कुरतडतात. दोन कमजोर पेट्या एकमेकींत मिसळण्यापेक्षा एक मध्यम पेटीत मिसळलेली चांगली, दोन आजारी एकत्र केले तर एक निरोगी होत नाही.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते जोरदार पेटीबद्दल, कारण तिच्याबद्दल कुणीच लिहीत नाही, ती आपली ठीक आहे असं धरून चालतात. वसंतात उपाशी मरण्याचा धोका तिलाच जास्त असतो. माश्या भरपूर, पिल्लं भरपूर, रोजचा खर्च मोठा, आणि मध्येच आठवडाभर पाऊस किंवा गारठा आला की बाहेर जाता येत नाही, साठा संपतो आणि ऐन बहराच्या तोंडावर भरलेली पेटी घरांत डोकी घालून मेलेली सापडते. कमजोर पेटी तेवढ्याच मधावर निवांत बसलेली असते. म्हणून पेटी मागून हाताने किंचित उचलून वजन बघायची सवय ठेवा, उघडायची पण गरज नाही.

दुसरा धोका थव्याचा, म्हणजे जुनी राणी माश्या घेऊन निघून जाण्याचा. राणीला अंडी घालायला जागा उरत नाही, पिल्लं निघालेल्या घरांत लगेच मकरंद भरला जातो, माश्या इतक्या होतात की राणीचा गंध सगळ्यांपर्यंत पोचत नाही, आणि मग फ्रेमच्या खालच्या कडेला लोंबणारे राणीकोष, म्हणजे नवी राणी वाढवायची मोठी घरं, दिसायला लागतात. कोषात अंडं घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी तो बंद होतो, आणि हवा चांगली असेल तर त्याच सुमारास जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन निघून जाते. म्हणून या काळात सात दिवसांनी एकदा तपासणी, दहा दिवस गेले की उशीर झाला (सातेरीला मात्र उगाच रोज उघडून छळू नका, ती कंटाळून घरच सोडते). नुसते कोष तोडत बसणं हा उपाय नाही, चिडलेल्या मनाचं समाधान फक्त, एखादा कोपऱ्यातला सुटतोच. जागा आधी द्यायची, मधाचा मजला कोष दिसण्याआधी चढवायचा, पिल्लांच्या कोठीत (खालच्या मजल्यात) भरलेल्या मधाच्या एक-दोन फ्रेम काढून बांधलेली रिकामी पोळी द्यायची.

आणि इथे कुठेतरी अशक्त पेटीचा प्रश्न जोडता येतो. जी पेटी थव्याच्या तयारीत येतेय, जिच्यात बंद पिल्लं कोठीच्या भिंतीपर्यंत पोचलीयत, तिच्यातून एक-दोन फ्रेम काढणं तिच्याही फायद्याचं असतं. गर्दी कमी होते, राणीला जागा मिळते आणि लायक कमजोर पेटीला हात मिळतो. मात्र फ्रेम काढायची तर तिच्यावर राणीकोष नाही हे माश्या झटकून बघायचं, नाहीतर कोष पण सोबत जातो आणि तिकडच्या चांगल्या राणीचं काय होईल सांगता येत नाही. ज्यांना फ्रेम बाहेर द्यायची नाही आणि मध पण हवाय त्यांच्यासाठी डेमरी पद्धत आहे, १८९२ सालची, राणी खाली एका फ्रेमसह ठेवायची, राणीजाळी टाकायची आणि बाकी पिल्लं सगळ्यात वर न्यायची. वर नवे कोष बांधले तर आठवड्याने तोडावे लागतात, तेवढं लक्ष देणार असाल तरच करा.

पेटी फोडून दोन करायच्या असतील तर आधी नर बघा. नुसते नर दिसून भागत नाही, बाहेर आल्यावर मीलनाला तयार व्हायला त्यांना आणखी दोनेक आठवडे लागतात. नवी राणी हवेत उडत दहा-वीस नरांशी मीलन करते, हवा गार असेल किंवा नर कोवळे असतील तर ती अर्धवट फळते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने एक नवी कमजोर पेटी तयार करता.

पेट्या सारख्या करण्याला एक अपवाद मान्य आहे. बागेच्या परागीभवनासाठी पेट्या भाड्याने द्यायच्या असतील तर बागायतदार प्रत्येक पेटीत ठरलेल्या फ्रेम भरून माश्या मागतो, तिथे एक ओसंडणारी आणि एक रिकामी असं चालत नाही. तिथे करा सारख्या. पण मध काढणाऱ्याला तोच सल्ला देऊ नका.

तेव्हा संपादक साहेब, विनंती एवढीच की वसंतातल्या पेट्यांवरचा मजकूर फुलोऱ्याच्या निदान दोन महिने आधी छापा, आणि जिथे जिथे एका पेटीतली फ्रेम दुसरीत घाला असं लिहाल तिथे त्याच वाक्यात रोग तपासायचं पण लिहा, खाली बारीक टाइपात नको. जागा कमी असेल तर पाकाची कृती कापा, ती सगळ्यांना पाठ आहे.

आपला,
एक मधपाळ वाचक